साठावी प्रत : टेबलावरच्या हातछापखान्याविषयी

मी बावीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईची प्रुफं, तपासते आहे. एवढ्या काळात किती पानं डोळ्यांखालून गेली याचा हिशेब नाही, पण शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं सुटं अक्षर, कधी हातात धरला नव्हता. मी या कामात आले तेव्हा जुनी माणसं अजून 'इथे खिळा फिरलाय' असं म्हणायची. मी ती चूक पडद्यावर दुरुस्त करायची आणि पुढे जायची. फिरलेला खिळा दिसतो कसा, तो फिरतो कशामुळे, हे विचारायचं राहूनच गेलं आणि ती माणसं निवृत्त झाली. शेवटी मी टेबलावर ठेवायचा हातछपाईचा एक संच मागवला. दोन महिने तो वापरला, त्यावर दोन मजकूर छापले, आणि आता सांगण्यासारखं पुष्कळ साठलं आहे. असे संच बरेच जण बनवतात आणि त्यांची रचना साधारण सारखीच असते, म्हणून बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

खोक्यात लाकडी बैठकीवर बसवलेलं, तरफेनं दाबायचं छोटं यंत्र आहे. वहीच्या पानाएवढा कागद त्यात मावतो. सोबत मजकूर आवळायची लोखंडी चौकट, म्हणजे चेस; ओळ जुळवायची स्टिक; रबरी रूळ; काळ्या शाईची ट्यूब; लाकडी ठोकळे आणि पाचरी; ओळींमध्ये घालायच्या शिशाच्या पट्ट्या; आणि खणाखणांच्या पेटीत रोमन लिपीचे खिळे.

खिळ्यांबद्दल आधी सांगते, कारण संचातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. ते खऱ्या छपाईच्या धातूचे आहेत : शिसं, कथील आणि अँटिमनी. नुसतं शिसं मऊ पडतं. अँटिमनीमुळे त्याला कठीणपणा येतो आणि ओतलेला धातू थंड होताना फारसा आक्रसत नाही, म्हणून अक्षराची कड स्वच्छ राहते. मी एक 'ए' भिंगाखाली धरला. अक्षराच्या पोटातली पोकळी माझ्या नखाच्या टोकापेक्षा लहान, पण तिची कड कुठेही बसलेली नव्हती. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला आडवी खाच असते, ती जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, बोटांसाठी. न बघता खिळा उचलला तरी खाच लागली की अक्षर कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते कळतं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या अंगठ्याला ती सवय झाली, आणि तो क्षण मला अजून आठवतो : मी पेटीकडे पाहत नव्हते, मजकुराकडे पाहत होते, आणि हात आपोआप बरोबर जागी जात होता.

दाबयंत्र गुटेनबर्गच्या, म्हणजे पंधराव्या शतकात जर्मनीतल्या माइन्झ शहरात सुट्या खिळ्यांनी छपाई करणाऱ्या कारागिराच्या, आधीही होतं. द्राक्षांचा रस काढायला, कागदातलं पाणी काढायला ते वापरत. खरी करामत या खिळ्याची. त्यानंतर रुळलेली आणि शतकानुशतकं चाललेली रीत अशी : पोलादी ठशाच्या टोकावर अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, तो साचा हातात धरायच्या ओतणीत बसवून वितळलेला धातू ओतायचा. एका साच्यातून निघालेले शंभर 'ए' शंभरही सारखे, आणि सगळ्या अक्षरांची उंची एकच. उंची केसभर कमी-जास्त असती तर काही अक्षरं कागदाला लागलीच नसती आणि काहींनी कागद फाडला असता. त्यानं माइन्झला छापलेल्या, रकान्यात ४२ ओळी असलेल्या बायबलसाठी जोडअक्षरं, संक्षेपचिन्हं आणि एकाच अक्षराची कमी-जास्त रुंदीची रूपं धरून सुमारे २९० वेगवेगळे खिळे होते. सव्वीस अक्षरांच्या लिपीला २९० खिळे! देवनागरीत काम करणाऱ्या माणसाला हा आकडा वाचून आपलेपणा वाटतो. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, रफार यांचे शेकडो खिळे सांभाळणाऱ्या आपल्या जुळाऱ्यांची मला पेटी उघडताना दर वेळी आठवण झाली. देवनागरी खिळ्यांचा असा छोटा संच कोणी काढला तर मी पहिली नोंदणी करीन.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. इंग्रजीत 'ई' सगळ्यात जास्त लागतो, आणि या पेटीत तो निम्म्याच मजकुराला पुरतो. मला दोन वाक्यं बदलून लिहावी लागली, केवळ 'ई' संपला म्हणून. सोबतचा रबरी रूळ फार कडक आहे, त्यामुळे शाई अक्षराच्या माथ्यावर सारखी बसत नाही, कडेला गोळा होते. मी दुसरा मऊ रूळ घेतला तेव्हा कुठे छपाई सुधारली. स्टिकची सरकपट्टी घट्ट बसत नाही. ओळीची रुंदी एकदा ठरवली की ती हलता कामा नये, ही जुळणीची पहिली अट, आणि इथे पाच-सहा ओळींनंतर पट्टी किंचित सरकते. मी ती कागदाची घडी घालून आवळली.

शाईचं तर मुळापासूनच चुकलं आहे. ट्यूबमधली शाई पाण्यात विरघळणारी आहे. घरात हात धुवायला सोपी म्हणून तशी दिली असेल, पण धातूवर पाण्याची शाई थेंबाथेंबानं गोळा होते. लाकडी ठोकळ्यावर ती चालते, कारण लाकूड ती शोषतं. धातूच्या अक्षरांना चिकटणारी शाई हवी म्हणून तर माइन्झच्या छापखान्यात तेलाची शाई लागली, रंगाऱ्यांच्या रंगाला जवळची. मी जवसाच्या तेलाची छपाईची शाई आणली, कागद किंचित ओलसर करून घेतला, आणि पहिल्यांदा अक्षर कागदात बसलेलं दिसलं. पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षराचा उठाव लागत होता. हा ओल्या कागदाचा मुद्दा सोबतच्या पुस्तिकेत कुठेही नाही, आणि तो जुन्या काळच्या प्रत्येक छापखान्याला ठाऊक होता.

पुस्तिकेवर माझा याहून मोठा राग आहे. तिच्या पहिल्याच वाक्यात 'गुटेनबर्गनं छपाईचा शोध लावला' असं छापलं आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूवर असं वाक्य असू नये. चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली, ८६८ सालची तारीख असलेली बौद्ध सूत्राची गुंडाळी डुनहुआंगच्या गुंफेत सापडली, ती आज लंडनला आहे. १०४० च्या दशकात बी शेंग नावाच्या कारागिरानं भाजलेल्या मातीचे सुटे खिळे केले. त्याच्याबद्दल शन क्वो या चिनी विद्वानानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. कोरियात १३७७ साली धातूच्या सुट्या खिळ्यांनी बौद्ध ग्रंथ छापला गेला, तोही उरला आहे, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. गुटेनबर्गचं काम याहून ऐंशी वर्षं उशिराचं. त्यानं धातू, साचा, तेलाची शाई आणि दाब यांची अशी मोट बांधली की ते सगळं मिळून एक धंदा उभा राहिला, आणि तो धंदा थोड्या अक्षरांच्या लिपीला चपखल बसला. चिनीसारखी हजारो अक्षरचिन्हं असतील तिथे अख्खं पान लाकडात कोरणं बरेचदा सोपं आणि स्वस्त पडतं. एवढं दोन ओळींत सांगता आलं असतं.

छपाईचा दुसरा मजकूर माझ्या भाचीचा. ती दहा वर्षांची आहे. सहा रात्री चंद्र किती वाजता उगवला, याची तिनं वहीत नोंद केली होती आणि वर्गातल्या चाळीस जणांना एकेक प्रत द्यायचं तिच्या मनात होतं. मजकूर लहानसाच : एक शीर्षक, दोन वाक्यं, सहा ओळींचा तक्ता, आणि खाली 'ही प्रत … हिची किंवा ह्याची' अशी नावासाठी रिकामी जागा. खिळे रोमन असल्यामुळे तिनं ते इंग्रजीत लिहून काढलं.

जुळणी पहिल्यांदा करताना डोकं गरगरतं. खिळे स्टिकमध्ये डोकं खाली करून लावायचे असतात, म्हणजे ओळ डावीकडून उजवीकडे चालते पण अक्षरं उलटी दिसतात. इंग्रजी 'बी', 'डी', 'पी', 'क्यू' ही चार अक्षरं तिथे एकमेकांचे मुखवटे घालून बसतात. ओळ पुरी झाली की शब्दांमधल्या ठेंगण्या खिळ्यांची भर घालत ती इतकी आवळायची की स्टिक तिरपी केली तरी काही हलू नये. हे आवळणं हाच कामाचा प्राण आहे. मी ते नीट केलं नव्हतं. पहिल्या दिवशी सगळ्या ओळी चेसमध्ये ठेवून, पाचरी ठोकून चौकट उचलली, आणि तिसऱ्या ओळीतला एक सैल शब्द निसटला. त्याच्यामागून अख्खा मजकूर टेबलावर ओघळला. अडीच तासांचं काम. भाची खाली वाकून खिळे वेचत होती, आणि मला एकदम कळलं की 'खिळा पडला' हे जुन्या माणसांच्या तोंडी वाक्प्रचार म्हणून येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळणी केली. चार तास लागले. भाचीनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हाताने लिहिलं असतं तर आत्तापर्यंत संपलं असतं ना गं?"

तिचं बरोबर होतं. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. हातानं एक प्रत लिहायला तिला पाच मिनिटं लागत होती. छापायला, शाई लावून कागद दाबून उचलेपर्यंत, एक मिनिट. पण छपाईचे चार तास, म्हणजे २४० मिनिटं, पहिली प्रत निघायच्या आधीच गेलेले. दर प्रतीमागे चार मिनिटं वाचतात, तर २४० मिनिटं भरून यायला साठ प्रती हव्यात. चाळीस प्रतींसाठी हात जिंकतो. साठाव्या प्रतीला दोघं बरोबरीत येतात. एकसष्टाव्यापासून छापखाना पुढे, आणि मग तो मागे वळून पाहत नाही.

हा हिशेब मांडताना मला माइन्झचा व्यवहार पहिल्यांदा समजला. ४२ ओळींचं बायबल सुमारे १८० प्रतींचं होतं. एका पानावर दोन रकाने, अशी तेराशेच्या आसपास पानं. म्हणजे पहिली प्रत हातात यायच्या आधी वर्षानुवर्षांचे पगार, धातू, कागद आणि चामडं यांत पैसा ओतून ठेवायचा. तो पैसा योहान फुस्टचा होता. १४५५ च्या नोव्हेंबरमध्ये तो वसूल करायला फुस्ट न्यायासनापुढे गेला; त्यानं व्याजासकट २०२६ गिल्डर मागितले आणि निकाल बव्हंशी त्याच्या बाजूनं लागला. गुटेनबर्गच्या हातून यंत्रसामग्री गेली. मला या माणसाबद्दल फार वाटतं. तो साठाव्या प्रतीच्या अलीकडच्या बाजूला होता. आणि पैसा अडकलेला असताना त्याच छापखान्यांतून सुटे कागदही निघत होते : १४५४ आणि १४५५ ची पापमुक्तीपत्रं, ज्यांत नाव आणि तारीख भरायला मोकळी जागा सोडलेली असे. भाचीनं आपल्या कागदावर नावासाठी टिंबं सोडली होती अगदी तशीच. आपण आज भरतो त्या छापील अर्जांची ही जुनी रूपं.

पुस्तकं स्वस्त झाली, हे खरं, आणि लवकर झाली. १४६८ मध्ये रोममधला एक बिशप पोपला लिहितो की पूर्वीच्या पाचव्या हिश्शात आता पुस्तक मिळतं. फ्लॉरेन्सच्या रिपोली मठात जोगिणी, म्हणजे नन, खिळे जुळवत होत्या, आणि त्याच मठातून १४८४-८५ मध्ये प्लेटोच्या समग्र ग्रंथांचं लॅटिन भाषांतर १०२५ प्रतींत बाहेर पडलं. हजार प्लेटो! हातानं नकला करणाऱ्या शतकांना हे स्वप्नातही दिसलं नसेल. पॅरिसला शार्लोट गियार नावाची विधवा १५३७ ते १५५७ अशी वीस वर्षं स्वतः मोठा छापखाना चालवत होती. जुळारी बायकांची ही गोष्ट पुस्तिकेत एका ओळीनं आली असती तरी मला बरं वाटलं असतं. पण स्वस्त झालं म्हणून सगळ्यांना मिळालं असं नाही. वाचता येत नव्हतं त्यांना छापील पानही बंद दारच. जर्मन धर्मसुधारक लूथरचे प्रबंध १५१७ मध्ये लॅटिनमध्ये होते; त्यानं १५२२ च्या सप्टेंबरमध्ये बायबलचा नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला, आणि डिसेंबरमध्येच तो पुन्हा छापावा लागला. दार उघडलं ते यंत्र आणि मातृभाषा मिळून.

आणि यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही. चेटकिणी ओळखून त्यांचा छळ कसा करावा हे शिकवणारं पुस्तक १४८६ च्या सुमारास छापलं गेलं आणि पुन्हा पुन्हा छापलं गेलं. तीच शाई, तेच खिळे. हे मी भाचीला अजून सांगितलेलं नाही. सांगेन, ती थोडी मोठी झाल्यावर.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. दोन महिन्यांपूर्वी मला कोणी विचारलं असतं की छपाईनं काय बदललं, तर मी 'वेग' आणि 'स्वस्ताई' म्हटलं असतं. आता मी 'सारखेपणा' म्हणते. १४५४ मध्ये फ्रँकफुर्टला त्या बायबलची सुटी पानं पाहिलेला एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी, जो पुढे पोप झाला, मार्च १४५५ च्या पत्रात लिहितो की अक्षरं स्वच्छ आणि बिनचूक आहेत, चष्म्याशिवायही वाचता येतील. त्याला कळलेला प्रतींचा आकडा १५८ की १८०, यावर त्याचं निश्चित नव्हतं. पण त्या सगळ्या प्रतींत त्याच पानावर तोच मजकूर होता. नक्कल करणाराची चूक एका प्रतीत राहते, पुढचा नकलाकार तिच्यात आपली भर घालतो, आणि दहा नकलांनंतर कोणती चूक कोणाची हे कळायला मार्ग नसतो. वनस्पतींची चित्रं नकलांमध्ये बिघडत जातात ही तक्रार रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकातच केली होती. छपाईत चूक झाली तर ती शेकडो ठिकाणी एकाच जागी होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यामुळेच ती सापडते.

मुद्रितशोधक म्हणून मला एक गोष्ट फार जवळची आहे. १४५७ च्या ऑगस्टमध्ये फुस्ट आणि पेटर शॉफर यांनी माइन्झला स्तोत्रांचं पुस्तक काढलं. छापणाऱ्यांची नावं आणि छपाईची तारीख पुस्तकातच छापल्याचं हे युरोपातलं पहिलं उदाहरण. त्या शेवटच्या ओळींत, जिथे ते अभिमानानं सांगतात की हे पुस्तक लेखणीविना तयार झालं, तिथेच 'प्साल्मोरम', म्हणजे 'स्तोत्रांचं', हा शब्द चुकला आहे. लॅटिन 'पी' आणि 'एस' यांची अदलाबदल होऊन तो 'स्पाल्मोरम' असा छापला गेला. साडेपाचशे वर्षं ती चूक तिथेच आहे. लंडनला १६३१ साली तर बायबलच्या दहा आज्ञांपैकी एकीतला 'नको' हा शब्दच गळला आणि 'व्यभिचार कर' अशी आज्ञा छापून गेली. ते छापणारे रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन ल्यूकस यांना त्याबद्दल ३०० पौंड दंड झाला. इंग्रजीतला एक तीन अक्षरी शब्द, 'नॉट', थोडासा धातू. आमच्या कामाचं वजन मी कधी असं मोजलं नव्हतं.

सारखेपणानं ज्ञानाचं काय केलं याचं माझ्या मनातलं चित्र एका सोळा वर्षांच्या मुलाचं आहे. १५६३ च्या ऑगस्टमध्ये, पुढे मोठा खगोलशास्त्रज्ञ झालेल्या ट्यूको (टायको) ब्राहेनं आकाशात गुरू आणि शनी जवळ आलेले पाहिले आणि छापील ग्रहपंचांगं काढून बसला. आल्फोन्सच्या नावाचं जुनं कोष्टक सुमारे महिनाभरानं चुकलं होतं, कोपर्निकसच्या गणितावर बेतलेलं नवं काही दिवसांनी. दोन्ही विद्वानांची, दोन्ही चूक. हस्तलिखितांच्या काळात एवढ्या कोवळ्या वयाच्या मुलाच्या टेबलावर दोन परस्परविरोधी कोष्टकं एकत्र येणं अवघड होतं, आणि आली असती तरी 'नकलाकारानं आकडा चुकवला असेल' म्हणून तो गप्प बसला असता. छापील कोष्टकाला ती पळवाट कमी उरते. कोपर्निकसचं पुस्तक १५४३ मध्ये न्यूरेम्बर्गला छापलं गेलं. त्याच्या उरलेल्या प्रतींच्या समासांत ज्योतिषांनी हातानं लिहिलेल्या टिपा सापडतात. छापील मजकूर मधोमध, आणि भोवती माणसं वाद घालताहेत.

भाचीच्या चाळीस प्रती एका सोमवारी वाटून झाल्या. मंगळवारी तिच्या वर्गातला एक मुलगा आपली प्रत घेऊन माझ्याकडे आला. त्यानं चौथ्या ओळीला पेन्सिलीनं गोल केला होता. "काकू, चंद्र रोज उशिरा उगवतो. पहिल्या दिवशी ७.०५, मग ७.५२, मग ८.४०. आणि चौथ्या दिवशी ६.२५ कसं?" मी भाचीची वही काढली. वहीत ९.२५ होतं.

चूक माझी. पहिला मजकूर छापून झाल्यावर खिळे सोडवून खणांत परत टाकताना इंग्रजी सहाचा एक खिळा मी नवाच्या खणात टाकला होता. डोकं खाली केलेला सहा नवासारखाच दिसतो. जुळणी करताना हात नवाच्या खणात गेला, मी न बघता उचलला, ज्या सवयीचा मला इतका आनंद झाला होता त्याच सवयीनं. प्रूफ तीनदा वाचलं होतं. वाचताना मी शब्द पाहत होते, चंद्र पाहत नव्हते.

तेव्हा कोणी हा संच घ्यावा का? ज्याला झटपट सुंदर पत्रिका हव्या असतील त्यानं घेऊ नये, निराशा होईल. मुलांसोबत वापरणार असाल तर खिळे शिशाचे आहेत हे विसरू नका. काम झाल्यावर हात साबणानं धुवायचे, टेबलाशी काही खायचं नाही, आणि लहानग्यांच्या हाती पेटी द्यायची नाही. ही सूचनाही पुस्तिकेत ठळक हवी होती, ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. रूळ आणि शाई पहिल्याच दिवशी बदला. 'ई' जास्तीचे मागवा. खिळे सोडवून परत टाकायला जुळणीइतकाच वेळ द्या, आणि सहा-नऊच्या खणांमध्ये एक खण मोकळा सोडा. एवढं केलंत तर धातूचे खिळे तुमची सोबत वर्षानुवर्षं करतील. शिकवणाऱ्यांनी तर जरूर घ्यावा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पुस्तिकेच्या पहिल्या वाक्यापायी गेला आहे, आणि पुढच्या खेपेला ते सुधारलं तर तो मी आनंदानं परत देईन.

सुदैवानं चौकट मी सोडवली नव्हती. थकव्यामुळे ती तशीच कापडाखाली झाकून ठेवली होती. पाचरी सैल केल्या, चिमट्यानं सहा उचलला, नऊ बसवला, पुन्हा आवळलं. एक प्रूफ काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी काही सांगायच्या आत भाचीनं आपली वही उघडली आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागली. तो मुलगा छापील कागदावर प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवत गेला. जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. हे त्या दोघांना कोणी शिकवलं नव्हतं. "नऊ," ती म्हणाली. "नऊ," तो म्हणाला. "पंचवीस." "पंचवीस." मग दोघं पाचव्या ओळीवर गेले.